पारड्यावरचा हात

भडगावच्या पेठेत भंवरलाल शेठजींचं किराणा दुकान चालायचं ते एका गोष्टीवर: तीस वर्षांत शेठजींचं बोट कधी पारड्याला लागलं नव्हतं. माल टाकला की दोन्ही हात मांडीवर. काटा थांबेपर्यंत श्वाससुद्धा बेताने. तेवढ्यासाठी गिऱ्हाईक दोन दुकानं ओलांडून येई.

हीच शिस्त घरात. गाय घ्यायची की म्हैस, हेही तराजूवर ठरलेलं. कारण बोलायचं, त्याच्या तोलाचं वजन पारड्यात टाकायचं आणि जड पारड्याचं ऐकायचं. "माणूस रागालोभाने ठरवतो, तराजू नाही," असं ते म्हणत. या न्यायाने म्हैस आली आणि लाथा मारू लागली. पण तो दोष म्हशीचा.

अडुसष्टच्या जूनमध्ये त्यांच्या कुसुमलताचा अर्ज तराजूपुढे आला. तिला जळगावला वसतिगृहात राहून मास्तरीण व्हायचं होतं. अर्जावर बापाची सही हवी होती आणि टपाल चारला निघणार होतं.

"तुझी बाजू बोल," शेठजी म्हणाले.

"मॅट्रिकला तालुक्यात पहिली आले."

"पाचशे ग्रॅम."

"हेडमास्तरीणबाई स्वतः पायरी चढून सांगून गेल्या."

"दोनशे."

"आणि मला शिकवायला आवडतं, बाबूजी."

शेठजींनी जरा थांबून आणखी दोनशे टाकले.

मग त्यांची बाजू. जास्त शिकलेल्या मुलीला स्थळ शोधताना जोडे झिजतात: दोनशे. वसतिगृहात दिवस मावळल्यावर वाढतात, जैनाच्या पोरीने जेवावं कधी? पाचशे.

"मावळायच्या आत जेवणाऱ्यांची पंगत वेगळी असते. मी पत्र टाकून विचारलंय."

शेठजी माणूस सचोटीचा. पाचशेचं वजन उचलून त्यांनी शंभराचं ठेवलं. तरी 'नको'चं पारडं खालीच.

"बघ. तराजू कुणाची भीड धरत नाही."

गुळासाठी मघापासून ताटकळलेला वना खाकरला. "शेठ, तुमना हात पारडावर शे."

शेठजींनी पाहिलं. डावा पंजा पारड्यावर टेकलेला, जणू दुसऱ्या कुणाचा. त्यांनी तो चटका बसल्यासारखा उचलला आणि 'नको' भसकन वर गेलं.

"यांना बारीक अक्षर दिसत नाही, संध्याकाळी पेपर कोण वाचून दाखवणार? त्या हाताचा भार आहे तो," आतल्या दारातून शेठाणी गुलाबबाई म्हणाल्या. "माझ्यावर नका हो ढकलू, मला जोडाक्षरं येत नाहीत."

शेठजी कानापर्यंत लाल झाले. पण हिशेब तो हिशेब. "कारण आहे ना? मग चोरून कशाला, उघड टाकतो." त्यांनी किलोचं वजन उचलून 'नको'त ठेवलं. पारडं धप्पकन बसलं.

कुसुमलताने ते दोन्ही हातांनी काढलं.

"बाबूजी, एका गिऱ्हाइकाच्या मालात दुसऱ्याचा माल मोजता का कधी? हे तुमचं ओझं, तुम्हीच वागवा. माझं मी जळगावला नेतेय."

तीस वर्षांत तोलाबद्दल ही पहिली तक्रार, आणि तीही खरी. शेठजींनी चष्मा पुसला, सही केली आणि पावणेचारला वनालाच टपालपेटीकडे पिटाळलं. गूळ त्याला अंमळ जास्त मिळाला.

दिवेलागणीला एक बाई किलोभर साखर मागायला आली. किलोचं वजन काही सापडेना. गुलाबबाईंनी सगळी फळी धुंडाळली, पोती हलवली. मग त्यांचं लक्ष नवऱ्याच्या बंडीकडे गेलं. तिचा डावा खिसा पार मांडीपर्यंत लोंबत होता.

"पाचशेची दोन टाकते," त्या गिऱ्हाइकाला म्हणाल्या, "किलोचं आज कामात आहे."