बाहेरची शिवण

सासूबाईंच्या शिलाईच्या दुकानात कपडा आतूनही बाहेरच्याइतकंच नेटकं हवं, असा दंडक होता. नुसता धागा लोंबला तरी कारागिराची खैर नसे. आणि त्याच दुकानात, भर सकाळी, काचेलगतच्या मशीनवर त्यांची सून ढगळ सदरा घालून बसली होती. सगळ्या शिवणी बाहेर, जगाला दिसतील अशा!

“अगं, लाज आहे की नाही? निदान आत तरी बस!”

“आत उजेड नाही. आणि लाजायला मी काय चोरी केलीय?”

तिच्या छातीतली गाठ काढून झाली होती, आता रेडिएशन चालू होतं. ‘गिऱ्हाईक काय म्हणेल’ म्हणून सासूबाईंनी हौसेनं तिला अंगाबरोबर चापून बसणारा सदरा शिवून दिला होता. काखेत घासून घासून कातडी लालबुंद झाली. त्यावर सासूबाईंनी मायेनं वासाचं मलम चोळलं, म्हणजे आगीत तेलच. हॉस्पिटलमधल्या सिस्टरनी पाहून कपाळाला हात लावला. “कातडी फुटली तर उपचार थांबवावे लागतील. सैल, मऊ सुती घाला. चोळू नका. आम्ही दिलेलंच मलम हलक्या हातानं लावा.”

थांबवावे लागतील! मग मात्र ती पेटली. घरी येऊन जुनी मऊ चादर फाडली, शिवणी अंगाला घासू नयेत म्हणून त्या बाहेर ठेवून हा सदरा शिवला आणि वासाच्या मलमाची डबी सासूबाईंना परत दिली. “आई, तुमची माया कळते मला. पण हे उपचार मी पुरे करणारच. दुकानाचं नाक कापलं गेलं तरी बेहत्तर!”

दुपारी मागच्या खोलीत ती मलम लावत होती. सासूबाई रागातच कात्री शोधायला आत आल्या आणि जागीच थबकल्या. लाली उतरत होती, पण काखेत एक सरळ, गडद रेघ अजून उमटलेली होती. आपली शिवण त्यांना ओळखू येणार नाही असं कसं होईल? कात्री न घेताच त्या बाहेर गेल्या.

ती पुन्हा काचेपाशी येऊन बसते न बसते तोच एक जुनं गिऱ्हाईक आलं. “अय्या! सदरा उलटा घातलाय की! आणि तोही तुमच्या दुकानात?”

सुनेनं फटकारायला तोंड उघडलं, पण सासूबाईंनी तिला बोलूच दिलं नाही.

“उलटा नाहीये तो,” त्या ठणकावून म्हणाल्या. “मीच शिवलाय तसा. हात वर करा, माप घेते.”