अकरा फेब्रुवारीचं टिपण

काझिमिर नोवित्स्कींना एप्रिलमध्ये पुरलं. त्यानंतर चर्चच्या तळघरातल्या जेवणावर कुणीतरी म्हणालंच, "काझनं खांदेकरी तरी नीट निवडलेत ना?" चारदोन जण हसले.

त्यांच्या लेकीच्या, रेजिनाच्या हातात बटाट्याच्या सॅलडचं भांडं होतं. ते तिनं टेबलावर ठेवलं आणि कॉफी ओतून घेत असलेल्या डेनी क्रॉसपाशी गेली. डेनी रेडिओवरचा. दर जूनमध्ये, संघ नवे खेळाडू निवडतात त्या ड्राफ्टच्या दिवशी, तो 'पुन्हा निवडू या' नावाचा तास चालवायचा, आणि तेवीस वर्षं त्या तासात तिच्या वडिलांची सालटी काढायचा.

"या वर्षी मला फोन लाव," ती म्हणाली. "बाबांच्या हातचा कागद वाचून दाखवते. त्यांनी कुणाचं नाव दिलं होतं ते कळू दे गावाला."

तो कागद तिनं तोवर पाहिला नव्हता.

टोलेडोत ही गोष्ट कुणाला सांगावी लागत नाही. गावचा बास्केटबॉलचा संघ ग्लेझर्स. तेवीस वर्षांपूर्वी ते सपाटून हरले होते आणि हरणाऱ्यांना निवड आधी मिळते, म्हणून कॉलेजमधली पोरं उचलताना त्यांची पाळी तिसरी आली. चांगली म्हणावी अशी दोनच नावं उरली होती. त्यांनी डेल ऑस्टरमनला घेतलं. कॉर्लिस वॅन लगेच पुढच्या संघाकडे गेला आणि त्यांना त्यानं तीनदा अजिंक्यपद मिळवून दिलं. डेलचे गुडघे दुसऱ्याच वर्षी गेले. ग्लेझर्ससाठी गावोगाव फिरून पोरं हेरणारा माणूस काझ नोवित्स्की; मग खापर दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर फुटणार? भाजीवालासुद्धा म्हणायचा, "काझ, कलिंगडाला हात लावू नकोस. मी निवडून देतो."

घरात मात्र आई, डोलोरेस, शपथेवर सांगायची, "यांनी कॉर्लिसचंच नाव दिलं होतं. वरच्यांनी ऐकलं नाही." वडील यावर हो म्हणायचे नाहीत, नाही म्हणायचे नाहीत. ताटलीतले पिरोगी काट्यानं इकडचे तिकडे करत बसायचे. तो होकारच, असं रेजिनानं लहानपणी धरून चाललं. पुढे ग्रंथपाल झाली, दिवस पुस्तकांत जाऊ लागले, तरी तेच धरून चालली.

वडिलांच्या वस्तूंना हात लावायचा धीर तिला दोन महिने झाला नाही. ड्राफ्टच्या दिवशी सकाळी मात्र तळघरातलं लोखंडी कपाट उघडणं भागच होतं.

पिवळे कागद, वर्षवार लावलेले. वडिलांचा एक नेम होता. सामन्याच्या तासभर आधी जाऊन बसायचं आणि खेळापेक्षा पोरगं बघायचं: बाकावर कसं बसतं, पाणी देणाऱ्याशी कसं बोलतं, दुसऱ्यानं चेंडू बास्केटमध्ये टाकला की टाळी वाजवतं का. "नेम शिकवता येतो," म्हणायचे, "भूक कुठून आणणार?"

दोन्ही कागद एकाच टाचणीला होते.

'ऑस्टरमन. जिम उघडणाऱ्याच्या आधी दारात उभा. हरत असला की जास्त पळतो. याला खेळ मनापासून आवडतो. पहिली पसंती.'

'वॅन. अकरा फेब्रुवारी. बाकाच्या टोकाला एकटा. डोक्यावर टॉवेल. सरावात चेंडूला हात नाही. साथीदार हाका मारतात, याला ऐकू येत नाही. हात सोन्याचे, पण भूक नाही. घेऊ नये.'

'घेऊ नये'खाली दोन रेघा. त्याखाली पेन्सिलीनं, पुष्कळ नंतरच्या, कापऱ्या अक्षरात:

'त्याची आई नऊ तारखेला गेली होती. मी कुणाला विचारलं नाही.'

रेजिना पायरीवर बसली. एप्रिलपासून ती स्वतः ग्रंथालयात अशीच बसत होती. लोक दोनदोनदा हाक मारायचे, तेव्हा कुठे ती मान वर करायची.

कागद सापडला नाही असं सांगायचं, हे तिनं ठरवलं. चार वाजता फोन वाजला तो ती तळघरातच असताना. वर स्वयंपाकघरात आईनं रेडिओ मोठा केला होता.

"तर मंडळी," डेनीचा आवाज आला, "ज्यानं सोनं टाकून पितळ घरी आणलं, त्या आपल्या काझची लेक लाइनवर आहे! रेजिना, कागद आहे की तोही चुकीचा उचललास?"

वर आईनं टाचेनं जमिनीवर दोनदा ठोकलं. सांग त्याला.

"आहे," रेजिना म्हणाली.

मग तिनं वाचलं. फक्त नावांची अदलाबदल केली. "वॅन. जिम उघडणाऱ्याच्या आधी दारात उभा. हरत असला की जास्त पळतो. याला खेळ मनापासून आवडतो. पहिली पसंती."

"आयला," डेनी म्हणाला. "म्हणजे म्हातारा बरोबर होता? आणि आम्ही तेवीस वर्षं... बरं, आणि डेलबद्दल?"

आता मागे फिरता येणार नव्हतं. तिनं वाचलं. "बाकाच्या टोकाला एकटा. हात सोन्याचे, पण भूक नाही." ती जराशी अडखळली. "घेऊ नये."

फोनवर फोन आले. कुणी माफी मागितली, कुणी म्हणालं मैदानाबाहेर काझचा पुतळा उभारा. मग एक जाड, सावकाश आवाज.

"डेनी, डेल बोलतोय."

"कुठला डेल?"

"ऑस्टरमन. पितळ."

दफनाच्या वेळी तो सगळ्यांत मागे, काठी टेकून उभा होता. चर्चच्या दारातून वाकून आत आला होता. रेजिनाला म्हणाला होता, "गुडघ्यांची पाच ऑपरेशनं झाली माझ्या. तुमचे वडील पाचही वेळा आले, ताई. पत्ते घेऊन यायचे. आणि मुद्दाम हरायचे."

"भांडायला नाही फोन केला," तो आता म्हणत होता. "लिहिलं असेल त्यांनी. त्यांना जे दिसलं ते. फक्त... मी रोज पहाटे पाचला जायचो हो जिममध्ये. ते बघायचे, असं वाटायचं मला. गाव काहीही बोलू दे, एका माणसानं मला नीट बघून घेतलं होतं, असं धरून होतो मी. बस, एवढंच. ठेवतो."

"डेल," रेजिना म्हणाली.

जाहिरात लागली. गाद्यांची.

"डेल, ते तुझंच होतं. जिमचं, पळायचं, सगळं तुझं होतं. मी उलटं वाचलं. ऐकतोयस का?"

"मॅडम," एक मुलगी घाईघाईनं म्हणाली, "ते गेले. तुम्हीपण आता एअरवर नाही आहात. थँक्यू हं, फार छान झालं." फोन बंद झाला.

तिनं पुन्हा लावला. लाइन व्यस्त. पुन्हा लावला.

जिन्यावर पावलं वाजली. आई कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होती. तिचा चेहरा दोन महिन्यांत प्रथमच माणसात आल्यासारखा दिसत होता.

"शेजारची हेलेन रडली फोनवर. मी म्हणत नव्हते? एवढी वर्षं घसा कोरडा करून सांगत होते, कुणी ऐकलं माझं?" तिनं हात पुढे केला. "आण तो कागद. चौकट करून दिवाणखान्यात लावू. त्यांच्या फोटोशेजारी."

रेजिनानं कागद छातीशी धरला.

"अगं दे ना. नाहीतर असं कर, माझा चष्मा वर राहिलाय, तूच वाच. मला समोर बसून ऐकायचंय." आई वडिलांच्या खुर्चीत बसली, हात मांडीवर ठेवले आणि डोळे मिटून घेतले.

रेजिनानं कागद उजेडात धरला. पेन्सिलीच्या ओळीवर अंगठा ठेवला.

"वॅन," तिनं सुरुवात केली. "जिम उघडणाऱ्याच्या आधी दारात उभा..." या खेपेला ती कुठेच अडखळली नाही.