मनातलं जांभूळ

आमचे हे, म्हणजे देवाजी, झोप लागावी म्हणून सगळे उपाय करून बसले होते. गोळ्या झाल्या, काढे झाले, कोणी सांगितलं म्हणून तळपायाला तेलही चोळून झालं. पण दुखणं तळपायात नव्हतंच. ते शेताच्या धुऱ्यावर, दोन शेतांमधल्या बांधावर उभं होतं.

धुऱ्यावर जांभळाचं झाड आहे. धाकटा भाऊ शालीकराम म्हणतो माझ्या धानाच्या बांधीतलं, हे म्हणतात माझ्या. दोन वर्षं दोघांची बोलचाल बंद. दोघं भांडण पोसत राहिले आणि जांभळं माकडांनी खाल्ली.

वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, आमच्या बुद्धविहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. यंदा वाचायला रचना होती, अर्जुनीला शाळेत शिकवणारी. ती नुसतं वाचत नाही. पान झालं की म्हणते, डोळे मिटा आणि त्या जागी स्वतः जाऊन बसा, मन निवतं. शेजारच्या गीताबाईचं तर इतकं निवतं की ती घोरते.

त्या दिवशी गोष्ट आली लहान सिद्धार्थाची. बाप नांगरणीच्या उत्सवात दंग आणि लेकरू जांभळाखाली ध्यानाला बसलेलं. मी हळूच ह्यांच्याकडे पाहिलं. एवढी झाडं आहेत जगात, आणि नेमकं जांभूळच!

"सावलीत बसा," रचना म्हणाली.

ह्यांनी डोळे मिटले. चेहरा खरंच सैल पडला. आज रात्री हा माणूस झोपणार, असं मला वाटलं. तेवढ्यात नाक फुगलं आणि हे गरजले, "हट तिथून! झाड माहं आहे!"

गीताबाई घोरायची थांबली.

"काका, कोण आलं?" रचनाने विचारलं.

"शाल्या! माह्या सावलीत येऊन बसून रायला!"

"मनातलं झाड आहे काका. बसू द्या ना."

"मनात बी नाही बसू देत!"

शालीकराम रोज यायचा, पण आमच्याकडे पाठ करून पार दाराशी बसायचा. तिथूनच, मिटल्या डोळ्यांनी तो ओरडला, "मी पहिलेच येऊन बसलो होतो! तूच मागून आला!"

दोघं म्हातारे त्या झाडाखाली असे जुंपले की लहानग्या सिद्धार्थाला बसायला जागा उरली नाही. शरमेने मी पदर तोंडावर घेतला.

रचना मात्र हलली नाही. "डोळे उघडू नका. दोघंही तिथंच बसा. श्वास पाहा."

बऱ्याच वेळाने शालीकरामचा आवाज आला, खालच्या पट्टीत. "भाऊ, मले ऊन लागून रायलं. पाय जरासा आत घे ना."

मला वाटलं, झालं, पुन्हा पेटलं. दोघांच्या मध्ये अख्खी बायकांची रांग बसलेली. ह्यांनी डोळे उघडले नाहीत. फक्त समोरच्या मोकळ्या फरशीवर पसरलेला पाय हळूच ओढून जवळ घेतला, आणि मला रडू आवरेना.