अंबूबाईचे दोन कागद

मित्रांनो, मी एक जुनी ईसीजी मशीन आहे. माझ्या अंगावर दोन चिरा आहेत आणि स्वभाव जरा कडक आहे. माणसाच्या हातापायांना चार चिमटे आणि छातीवर सहा रबरी फुगे लावले, की त्याचे हृदय कसे चालले आहे ते मी गुलाबी चौकटींच्या कागदावर काढून दाखवते. पुढे काय करायचे ते डॉक्टरांनी ठरवायचे.

चौदा वर्षांपूर्वी जुन्या हायवेलगत, वडगावच्या बाजूला एका छोट्या दवाखान्यात मी आले. मला हळदकुंकू लावले, नारळ फोडला. पहिल्याच महिन्यात परंदवडीचे कोंडाजी पोटात जळजळते म्हणून आले. माझा कागद पाहून डॉक्टरांनी त्यांना तडक पुण्याला पाठवले आणि ते वाचले. दिवाळीत त्यांनी माझ्यापुढे पेढे ठेवले. मी काय खाणार! ते सत्यमने खाल्ले. सत्यम म्हणजे ईसीजी काढणारा मुलगा. पण तेव्हापासून मला माझ्या कागदाचा फार अभिमान वाटू लागला.

तो अभिमान जुलैतल्या एका रविवारी उतरला. मावळात आवणीचे, म्हणजे भाताची रोपे लावण्याचे दिवस होते. लोणावळ्याला निघालेली एक जीप हायवेवर उलटली होती. सहा जखमी आत होते, रेणुका सिस्टर टाके घालण्यात गुंतल्या होत्या आणि तपासणीच्या टेबलापुढच्या पडद्याचा दांडा महिनाभर मोडलेलाच होता. तेवढ्यात हनुमंत आपल्या आईला मोटारसायकलवरून घेऊन आला. ती नवलाख उंबरे गावची अंबूबाई.

"काय होतंय, मावशी?" ड्युटीवरच्या डॉ. अतुलनी विचारले.

"पाठ भरून आलीया, जबडा दुखतोय. जीव घाबरा व्हतोय. पर सायेब, लवकर सोडा. आज माज्या खाचरात इर्जिक हाय. बारा जणी तितं वाकल्यात, आन मी हितं बसू व्हय?"

इर्जिक म्हणजे आज तुम्ही आमच्या शेतात राबा, उद्या आम्ही तुमच्या. जिच्या भातखाचरात काम, तिनेच सगळ्यांच्या पुढे उभे राहायचे आणि सगळ्यांना जेवू घालायचे. ती गैरहजर राहिली तर गावात तोंड दाखवायची पंचाईत.

डॉ. अतुल हुशार होते, पण पहाटेपासून उभे होते. त्या आठवड्यात आवणीने पाठ धरलेल्या पाच-सहा बायका रोज येत होत्या. तरीही त्यांनी ईसीजी काढायला सांगितला, एवढे मी त्यांच्या बाजूने बोलेन.

सत्यम मला घेऊन गेला. समोर जीपवाले पुरुष बसलेले. अंबूबाईने पदर घट्ट धरला.

"ब्लाउज काडाय लावू नगंस, बाबा. वरनंच कर काय ते."

सत्यमलाही अवघडल्यासारखे झाले. त्याच्या आईच्या वयाची बाई ती. त्याने माझे सहाही फुगे गळ्याखाली, जिथे जागा मिळाली तिथे चिकटवले. तिच्या हृदयाचा दुखरा भाग खाली, डावीकडे होता. मला तो दिसलाच नाही. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. जे दिसले ते मी काढले आणि कागद चांगला आला.

फुगे कुठे लावले हे सत्यमने सांगितले नाही. डॉक्टरांनी विचारले नाही. अर्धा तास बसा, पुन्हा काढू, असेही कोणी म्हणाले नाही.

"हार्ट ठीक आहे. वाकून वाकून पाठ धरलीये," डॉ. अतुल म्हणाले.

"नक्की ना, सायेब?" हनुमंतने विचारले.

"कागद बघितला ना मी!"

एक इंजेक्शन आणि चार गोळ्या घेऊन अंबूबाई गेली.

दुपारी अडीचला तिला टेम्पोतून परत आणले. ती खाचरातच कोसळली होती. गुडघ्यापर्यंत चिखल होता. रेणुका सिस्टरनी कात्रीने ब्लाउज कापला, आणि तेव्हा कुठे माझे सहाही फुगे आपापल्या जागी बसले. आता तिला कशाचीच लाज नव्हती. मी थोडा वेळ वेड्यावाकड्या रेघा काढल्या, मग एक सरळ रेघ. डॉक्टर चाळीस मिनिटे तिची छाती दाबत होते. मी सरळच रेघ काढत राहिले.

"सकाळचा कागद तर चांगला व्हता ना?" हनुमंतने विचारले.

सकाळी फुगे कुठे लावले होते ते सत्यमने आता सांगितले. डॉ. अतुलनी दोन्ही कागद हातात घेतले. "फुगे कुठे लावलेत ते मी बघितलं नाही. परत काढायला हवा होता, तोही काढला नाही. माझी चूक झाली."

हनुमंतने त्यांची कॉलर धरली नाही. तो खाली बसला आणि आईच्या पायांचा चिखल पुसू लागला.

पुढच्या आठवड्यात दांडा बसला, पडदा आला. तेव्हापासून बायकांचा ईसीजी रेणुका सिस्टरच काढतात, आणि दुखणे थांबले नाही तर अर्ध्या तासाने दुसरा. सगळे मला पुसून-बिसून ठेवू लागले. मला मात्र त्या पडद्याचा रागच येतो. दोन वार कापडासाठी एक बाई जावी लागली.

आता नवी मशीन आली आहे आणि मी बेसिनखाली धूळ खात पडले आहे. माझी काळजी नाही घेतली तरी चालेल. पण मित्रांनो, तुमच्या आईला कधी अशा टेबलावर झोपवले, तर गप्प उभे राहू नका. पडदा मागा, सिस्टरना बोलवा, फुगे नीट लागलेत का विचारा. दुखणे थांबत नसेल तर कागद परत काढायला लावा. लोक उद्धट म्हणतील. म्हणू देत. घरी जाताना आई तुमच्या मागे मोटारसायकलवर बसलेली असली म्हणजे झाले.