गॅलरीपर्यंतचा चेंडू

घर उद्या दुसऱ्याच्या ताब्यात जाणार होतं, आणि सात वर्षं अबोला धरलेला तिचा दादा आज खाली अंगणात उभा होता. नाना, म्हणजे त्यांचे गणित शिकवणारे वडील, शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळले तेव्हा हा फिरकलाही नव्हता. तिच्या मनातली ती अढी काही जात नव्हती. पण आज हा असाच परत गेला, तर पुन्हा भेटायला निमित्तच उरणार नव्हतं. ते तिला नको होतं.

"वर ये की," ती पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून म्हणाली.

"गुडघ्यांनी राजीनामा दिलाय!"

मग त्यानं खिशातून चेंडू काढला. अगंबाई, तोच की! लाल, एका बाजूला चपटा.

लहानपणी तिचा पाय मोडला, तेव्हा महिनाभर ती याच गॅलरीत बसून असायची आणि दादा खालून चेंडू टाकायचा. नानांनी भिंतीवरच खडूनं आलेख काढला. गॅलरीची आडवी रेघ आणि चेंडूचा वक्र. "वर्गसमीकरण मांड, विवेचक काढ. धन आला तर वक्र रेघेला दोनदा छेदतो, मुळं दोन. चेंडू हिच्या हातासमोरून वर जाताना जाणार, खाली येतानाही जाणार. ऋण आला तर रेघेपर्यंत पोचतच नाही, वास्तव मूळच नाही. आणि शून्य आला तर नुसता टेकतो. क्षणभर हातापाशी थांबतो बघ."

दादानं डोकं खाजवून चेंडूचा वेग असा काढला की विवेचक शून्य यावा, आणि चेंडू थेट गॅलरीवरच्या काचेत! बहाद्दर गॅलरीच्या उंचीतून स्वतःची उंची वजा करायला विसरला होता. नाना हसून हसून खालीच बसले. काय दिवस होते ते!

"टाकू?" दादानं विचारलं.

पहिला चेंडू कठड्याखालूनच परतला. "ऋण!" ती ओरडली आणि तिला हसूच फुटलं. दुसरा डोक्याच्या वर जाऊन खाली आला. "धन! स्वतःची उंची वजा केलीस का?"

"केली गं बाई." तो चेंडू उचलायला वाकला, तो जरा वेळानंच उभा राहिला. "नानांना तसं पडलेलं बघवलं नसतं मला. पण यायला हवं होतं. चुकलो मी, चिमणे."

तिसरा चेंडू बरोब्बर तिच्या हातापाशी येऊन थांबला. तिनं हात पुढे केलाच नाही.

"अगं, शून्य होता! पकडला का नाहीस?"

"पकडला असता तर तू गेला असतास," ती डोळे पुसत म्हणाली. "टाक परत."