घटकाभराने थोरली

देव प्रत्येक माणूस घडवतो आणि लगेच साचा मोडून टाकतो, असं म्हणतात. या दोघींच्या वेळी मात्र त्याचं लक्ष जरा दुसरीकडे असावं, कारण एकाच साच्यातून त्याने लागोपाठ दोन काढल्या. आधी आली ती थोरली, घटकाभराने आली ती धाकटी. खरी नावं शाळेच्या पटावर राहिली. घरात आणि गल्लीत त्या याच नावांनी वाढल्या. रंग तोच, नाक तेच, आणि आवाज तर असा एक, की शेजारच्या खोलीतून बोललं कोण, हे जन्मदात्या आईलाही सांगता येत नसे. खोकायचं एकीने आणि काढा प्यायचा दुसरीने, असा सगळा कारभार.

पण साचा एक असला म्हणून भट्टी एक नसते. थोरली बेकरीवाल्याच्या घरात पडली आणि तिचा उभा जन्म भट्टीच्या तोंडाशी गेला. लांब दांड्याच्या फळीने पावाचे पत्रे आत सरकवायचे, पाव फुगून आले की ओढायचे, पुन्हा वाकून जाळ बघायचा. धाकटी बसली चष्म्यांच्या दुकानात. तिथे सावली, पंखा आणि जिकडे तिकडे आरसे. एकीचा चेहरा जाळाने ओढून घेतला, दुसरीचा सावलीने जपला. थोरलीला याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. "या भट्टीपायी रक्ताचं पाणी केलंय मी," असं ती रोज एकदा तरी म्हणे, पण त्यात तक्रार नसे. प्रार्थनेच्या शेवटी ठरलेली ओळ यावी, तसं ते तोंडात येई.

वाईट वाटलं ते एका शब्दाचं. तीनेक वर्षांपूर्वी ती धाकटीला गाडीत बसवून द्यायला स्टेशनवर गेली होती. फलाटावर मुंगीला वाट नव्हती. बाकावरचा एक तरुण चटकन उठला आणि धाकटीला म्हणाला, "आईंना बसू द्या इथे." भला पोरगा बिचारा. पण त्याच्या त्या भलेपणाने थोरलीच्या काळजात जी कळ उठली, ती गाडी सुटली तरी गेली नाही. धाकटी त्यावर नुसती हसली. ते हसणंही थोरलीने गाठीला बांधून घरी आणलं.

तेव्हापासून ती सख्ख्या बहिणीला तोंड चुकवायला लागली. कधी भट्टीची डागडुजी निघे, कधी यांची पाठ धरे, कधी आपलीच सर्दी. फोनवर बोलणं भरभरून, पण 'ये' म्हणायची नाही आणि 'येते' तर नाहीच. धाकटीने व्हिडिओ लावायला सांगितला, की म्हणायची, आमच्या फोनचा डोळा गेलाय. बेकरीवाल्याला सगळं कळत होतं. पण आंबायला ठेवलेल्या पिठावरचं फडकं सारखं सारखं उचलू नये, हे त्या माणसाला ठाऊक होतं.

शेवटी धाकटीचाच धीर सुटला. येत्या रविवारी मी येणार, तिने कळवलं. भट्टी पडली असली तरी तिच्या विटांवर बसून चहा घेईन.

थोरलीचं धाबं दणाणलं. रोज टोस्ट न्यायला येणाऱ्या एका शिक्षिकाबाईंनी मागे सांगितलं होतं, की बाजारामागच्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई आपल्याच रक्ताने आपला चेहरा ताजा करून देतात. थोरलीने भिंतीवरची एक तसबीर उतरवली, पिशवीत घातली आणि दवाखाना गाठला.

"असं करून द्या," असं म्हणून तिने तसबीर टेबलावर ठेवली. निळ्या झग्यातली विशीची मुलगी, टपोरे डोळे, हनुवटी वर.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. त्यांनी फोटो नीट बघितला, मग थोरलीचा चेहरा दिव्याखाली त्याहून नीट बघितला. मग समजावून सांगितलं, की विशी कोणाच्याच सुईत नसते. कातडीला थोडा तजेला येतो, बारीक रेघा थोड्या पुसट होतात, तेही कोणाला कमी कोणाला जास्त, आणि एका खेपेत तर नाहीच. महिन्याच्या अंतराने दोन-तीन खेपा कराव्या लागतात. रविवारपर्यंत काही दिसलंच, तर सूज दिसेल. माणूस आपल्याला हवं तेवढंच ऐकतो; थोरलीने 'तजेला' हा शब्द तेवढा ऐकला. चालू असलेली औषधं विचारून झाली, रक्त तपासून झालं, आणि बुधवारी सकाळी ती खुर्चीत जाऊन बसली.

आधी चेहऱ्यावर बधिर करणारं मलम लागलं. मग कोपराच्या लवणीतून रक्त काढून नळीत भरलं आणि नळी एका लहानशा यंत्रात ठेवली. यंत्र गरगर फिरलं आणि घटकाभरात थांबलं. डॉक्टरीणबाईंनी नळी उजेडात धरली. खाली गडद लाल थर, आणि वर पिवळसर, पातळ, पाण्यासारखं काहीतरी.

"हे वरचं टोचायचं, मावशी. जखम भरून यायला रक्तातलं जे धावून येतं ना, ते यातच जास्त असतं."

थोरली नळीकडे बघत राहिली, आणि मग हसून तिचं पोट हलायला लागलं. "अहो बाई, हे तर रक्ताचं पाणीच झालं. मी उभा जन्म घातला त्यात. तुमचं यंत्र घटकाभरात करतं होय?"

हसू ओसरेपर्यंत डॉक्टरीणबाईंना सुई खाली धरून थांबावं लागलं. त्यांचे स्वतःचेही खांदे हलत होते. मग कपाळावर, गालांवर, डोळ्यांखाली बारीक बारीक टोचण्या झाल्या. थोरली मनात देवाचं नाव घेत होती आणि मधेच रक्ताचं पाणी आठवून नाव विसरत होती. देवाने ते चालवून घेतलं असावं, कारण दुखलं ते सोसण्याइतकंच. निघताना बाईंनी बजावलं, की काही दिवस ऊन नाही, शेक नाही आणि भट्टीच्या तोंडाशी तर उभंसुद्धा राहायचं नाही. सुयांपेक्षा हेच तिला जड गेलं.

आता इकडे घरी काय झालं, ते ऐका. ती खुर्चीत बसलेली असताना बेकरीत फोन वाजला. बेकरीवाल्याचे हात पिठात. त्याने कोपराने फोन उचलला आणि कानाला लावला. ओळखीचा आवाज ऐकून तो म्हणाला, "आटोपलं का गं? किती सुया टोचल्या?"

आवाज बायकोचा नव्हता, मेव्हणीचा होता. कसल्या सुया, असं धाकटीने विचारल्यावर त्या भल्या माणसाने सारवासारव करायला घेतली आणि होतं तेही सांडलं. ती दवाखान्यात आहे, रक्त काढलंय, पण काळजीचं काही नाही, फक्त मला कोणाला सांगायची बंदी आहे, असं सांगून त्याने घाबरून फोन ठेवला आणि या कानाची त्या कानाला खबर लागू दिली नाही. बायको घरी आली तेव्हा तिच्याभोवती एक फेरी मारून, परातीतलं पीठ बघावं तसं त्याने तिला बघितलं. गाल दाबून बघायला बोट पुढे केलं, तर तिने ते झटकलं.

"आंबवण छान आलंय," तो गंभीरपणे म्हणाला. "आता फक्त भट्टीत घालायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर थाप पडली. थोरलीने दार उघडलं. चेहरा पावासारखा फुगलेला, त्यावर लाल ठिपके, एक डोळा अर्धा मिटलेला. समोर धाकटी. केस विस्कटलेले, दम लागलेला आणि हातात काठी.

"हे काय?" दोघी म्हणाल्या.

"काय गं?" आतून बेकरीवाल्याने विचारलं. त्याला एकच आवाज ऐकू गेला होता.

थोरलीने खांद्यावरचा टॉवेल तोंडावर ओढला. धाकटीने तो ओढून काढला. रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. पहिल्या बसने निघाली होती आणि वाटभर नको नको ते रोग मनात मोजत आली होती.

"खरं सांग. रक्ताचं काही निघालंय का?"

मग काय लपणार? थोरली दवाखान्यापासून सांगायला लागली आणि सांगता सांगता उलटी चालत स्टेशनच्या बाकापाशी जाऊन पोचली. "त्या पोराने मला तुझी आई केलं," ती म्हणाली, "आणि तू हसलीस."

धाकटी काठीवर दोन्ही हात ठेवून बसली होती.

"मला बरं वाटलं होतं म्हणून हसले," ती म्हणाली. "आई गेल्यापासून मी आजारी पडले की गाडीवाल्याच्या हाती पावाची टोपली कोण धाडतं? घटकाभराने का होईना, थोरली आहेस तू. तेवढा मान एका परक्या पोराने दिला, तर मी काय रडायचं? आणि तीन वर्षं मी आपली शोधत बसलेय, माझं काय चुकलं ते."

डॉक्टरीणबाईंनी ऊन वर्ज्य सांगितलं होतं, शेक वर्ज्य सांगितला होता, पण रडू नका असं सांगायला त्या विसरल्या होत्या. खारं पाणी सुयांच्या ठिपक्यांवरून वाहिलं तशी थोरली "आई गं, झोंबतंय" म्हणून रडता रडता हसायला लागली. मग काठीची पाळी आली. धाकटीचा उजवा गुडघा वर्षभरापासून धड नव्हता. का कळवलं नाहीस, असं थोरलीने दरडावलं, तेव्हा ती खाली बघून म्हणाली, "तू दिवसभर उभी राहून धडधाकट, आणि मी बसून बसून गुडघा घालवला. कोणत्या तोंडाने सांगू?"

चहा आला. भट्टी पडली नव्हती, तरी बेकरीवाल्याने दोन विटा आणून बाजूला ठेवल्या होत्या. हवं तर बसा म्हणाला. तेवढ्यात धाकटीची नजर भिंतीवर परत टांगलेल्या तसबिरीकडे गेली.

"डॉक्टरीणबाईंना हा फोटो दाखवलास?"

"मग? माझा दुसरा कुठे आहे तसला?"

धाकटीने कप खाली ठेवला. "अगं, ही मी आहे."

निळा झगा दोघींत एकच होता. स्टुडिओतल्या पडद्यामागे आळीपाळीने घालून दोघींनी फोटो काढले होते. थोरलीच्या वेळी नेमके डोळे मिटले, आणि पुन्हा फोटो काढायचा राहून गेला. आईने धाकटीच्याच दोन प्रती काढल्या, दोन चौकटींत घातल्या आणि थोरलीला सांगू नकोस म्हणून धाकटीला डोळ्यांनीच दटावलं. वरून म्हणाली होती, देवाने एका साच्यातून काढल्यात, कोणाला कळतंय.

थोरलीने तसबीर जवळ घेऊन अर्ध्या मिटल्या डोळ्याने न्याहाळली. म्हणजे इतकी वर्षं भिंतीवरून आपल्याकडे बघत होती ती ही होती. 'ये' म्हटलं नव्हतं, तरी घरातच होती.

"तरीच म्हटलं," ती म्हणाली, "ही मुलगी कामाला हात लावेल असं काही वाटत नाही."

धाकटी दोन दिवसांसाठी आली होती, ती आठवडाभर राहिली. सूज उतरली. महिनाभराने चेहऱ्यावर खरंच थोडी टवटवी दिसायला लागली. बेकरीवाल्याच्या मते ती हसल्याने आली, डॉक्टरीणबाईंच्या मते सुईने. थोरलीने दोघांनाही मान दिला आणि पहिला नमस्कार देवाला केला.

दुसऱ्या खेपेला धाकटी मुद्दाम आली. हेच रक्ताचं पाणी काही जणांना गुडघ्यातही देतात, असं तिने ऐकलं होतं. गुडघ्याचे डॉक्टर वरच्या मजल्यावर बसत. तपासून तेच ठरवणार होते. नाव नोंदवायच्या खिडकीपलीकडची बाई मान खाली घालून संगणकावर नोंदी करत होती.

"चेहऱ्यासाठी आलेय," थोरली म्हणाली.

"आणि गुडघ्यासाठी," धाकटी म्हणाली.

"एका वेळी एकच सांगा हो मावशी," बाई मान वर न करता म्हणाली. "चेहरा की गुडघा?"

दोघी हसल्या आणि ते हसूही एकच निघालं. तेव्हा कुठे बाईने वर बघितलं, तर खिडकीत दोन चेहरे. ती एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघायला लागली, आणि नातं विचारायला तिने तोंड उघडलं.

"जुळ्या आहोत," थोरलीने आधीच सांगून टाकलं. "पण मी थोरली. मला आधी बसू द्या."