कॅमेऱ्यामागचा आवाज

माझ्या नणंदेचा कॉम्प्युटर तिच्यासारखाच हट्टी. लोकांच्या लग्नाचे व्हिडिओ ती ज्या सॉफ्टवेअरवर कापते-जोडते, ते ती धंदा शिकली तेव्हाचं. बदल म्हटलं की म्हणते, हात बसलाय माझा. या म्हाताऱ्या सॉफ्टवेअरला माझ्या नवऱ्याच्या कॅमेऱ्यातल्या फाइली उघडता येईनात. आधी त्यांचं रूपांतर करायचं, चित्र एका फाइलीत, आवाज दुसरीत, आणि मग दोन्ही आत घेऊन जोडायच्या. नसती उठाठेव, पण दुसऱ्या कुणाच्या हाती मी त्या फाइली दिल्या नसत्या.

नवऱ्याला जाऊन वर्ष होत आलं. घरातलं सगळं चित्रण त्यानेच केलेलं, त्यामुळे चित्रात तो औषधालाही नाही. कॅमेऱ्यामागून बडबड मात्र अखंड. मला ती बडबड हवी होती. त्याचं बोलणं आठवायला बसलं की शब्द आठवायचे, आवाज आठवायचा नाही. याची मला फार भीती वाटायला लागली होती.

पहिल्या खेपेला नणंदेने फाइली करून दाखवल्या. चित्र लख्ख, पण आवाजाच्या जागी कसलंसं मंद संगीत. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, वऱ्हाड आणलंस आणि नवरदेव घरीच विसरलीस की गं. तिने सांगितलं, आमच्या धंद्यात असंच करतात, कॅमेऱ्यातला आवाज म्हणजे गोंगाट, तो रूपांतर करतानाच गाळायचा.

"तुझ्या भावाचा आवाज गोंगाट?"

ती पडद्यावरून नजर काढेना. "नाही वहिनी. मला ऐकवत नाही."

माझा राग जागच्या जागी विरला. मी खुर्ची ओढली आणि तिला चिकटून बसले. म्हटलं, एकटीने नको ऐकूस, मी आहे.

तिने पुन्हा सगळं रूपांतर केलं, या वेळी आवाजासकट. तर सॉफ्टवेअरने नवीनच खोडी काढली. चित्र आणि आवाज एकमेकांपासून सरकले. यावर उपाय सोपा असतो म्हणे, बोलणाऱ्याचे ओठ बघायचे आणि ते जुळेपर्यंत आवाज मागेपुढे सरकवायचा.

"पण दादाचे ओठ आणू कुठून?" ती म्हणाली.

पहिल्या क्लिपमध्ये मी एकटीच होते, गॅलरीत कपडे वाळत घालत. मी म्हटलं, माझ्या तोंडाकडे बघ. तो बोलला की माझं काय व्हायचं, ते तिथे दिसतंय.

तिने क्लिप सुरू केली. "कपडे वाळत घालतेयस की त्यांना दम देतेयस?" तो म्हणाला. अगदी तोच, थोडा घोगरा, शेवटचा शब्द लांबवणारा. नणंदेने तोंडावर हात धरला. मी रडले, अगदी पोटभर रडले, आणि बरं वाटलं.

डोळे पुसून ती कामाला लागली. तू आधी हसतेस आणि दादा नंतर बोलतो, म्हणजे आवाज मागे पडलाय, असं म्हणून तिने तो पुढे ओढला. आता तो बोलला, मग मी हसले. सगळं जिथल्या तिथे. तरी मला ते बघवेना. पाहुण्यांपुढे हसावं तशी मी हसत होते. मी तिला आवाज होता तिथे परत न्यायला सांगितला.

"अगं, ते चुकीचं आहे."

"चुकीचं नाही. तो तोंड उघडायच्या आधीच मला हसू यायचं. काय बोलणार ते मला ठाऊक असायचं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने आवाज मागे नेला.

पुढची क्लिप लागली. दारात चपला घालता घालता मी मान वर केली आणि हसले. तो काय बोलणार, ते तेव्हा मला कळलेलं होतं. आता काही केल्या आठवेना. आम्ही दोघी तो बोलायची वाट बघत बसलो.